वन्संच्या चहाची शोकसभा

पहिला घोट गिळल्यावर बाईंच्या मनात वाक्य आलं ते असं: ‘फरशी आत्ताच कुणीतरी पुसलेली दिसतेय.’

वाक्य मनातच राहिलं हे सगळ्यांचं नशीब. कारण चहाचा डबा पाठवला होता वन्संनी, म्हणजे बाईंच्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीनं, आणि आतला चहाही वन्संनी स्वतःच्या हातानं तयार केला होता. बँकेतून निवृत्त झाल्यापासून वन्संना काहीतरी स्वतःचं करायचं होतं. आधी मेणबत्त्या झाल्या, मग सुतळीची पायपुसणी झाली, आणि आता हा चहा: काळी पत्ती, त्यात वाळवलेली संत्र्याची आणि लिंबाची साल, वरून व्हॅनिला. हे व्हॅनिला वन्संनी ज्या सढळ हातानं घातलं होतं, त्या सढळ हातानं त्यांनी उभ्या जन्मात कुणाला काही दिलं नव्हतं. लवकरच गृहउद्योगांचं प्रदर्शन होतं, डबे तयार होते, फक्त लेबलं छापायची राहिली होती. लेबलावर टाकायला त्यांना बाईंचं एक वाक्य हवं होतं.

“एकच दे, पण ठसठशीत दे,” वन्सं फोनवर म्हणाल्या होत्या. “नाव नको तुझं. ‘प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञ म्हणतात,’ आणि पुढे तू काय म्हणशील ते. तू खोटं बोलत नाहीस हे सगळ्यांना माहीत आहे. रविवारी येतेच मी, तेव्हा सांग.”

बाई खोटं बोलत नाहीत हे खरोखरच सगळ्यांना माहीत होतं, वन्संना तर स्वानुभवानं. शहराचं पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत बाईंची हयात गेली होती. त्यांनी सही करून ‘पिण्यास योग्य’ म्हटलं की अख्खं शहर डोळे मिटून नळाला तोंड लावायचं. ही सवय ऑफिसात शोभते. घरी आणली की घोटाळा होतो. मागे वन्संनी भावासाठी स्वेटर विणला आणि “कसा झालाय गं?” म्हणून मोठ्या हौसेनं विचारलं. बाईंनी शिवणाच्या डब्यातून टेप आणली, मोजलं आणि सांगितलं की डावी बाही उजवीपेक्षा लांब आहे. त्यानंतर दीड वर्ष वन्सं बाईंशी बोलल्या नाहीत. एका खोलीत बसल्या तरी “तिला म्हणावं, खिडकी लाव” असा निरोप भावामार्फत जायचा, आणि “त्यांना सांगा, कडी तुटलीय” असं उत्तर त्याच मार्गानं परत यायचं. भाऊ बिचारा दोघींच्या मधल्या सोफ्यावर टेलिफोन एक्स्चेंजसारखा बसून असायचा.

तर आता पुन्हा तोच प्रसंग. खोटं वाक्य दिलं तर ते डब्याडब्यावर छापून गावभर फिरणार, म्हणजे आजवरच्या सगळ्या सह्यांवर पाणी. खरं दिलं तर पुन्हा सोफा.

बाईंनी दुसरा घोट घेतला. फरशी. तिसरा घेतला. फरशीच, फक्त आता दवाखान्याची.

“तुम्ही जरा घेऊन बघा,” त्यांनी नवऱ्यापुढे कप सरकवला.

वर्तमानपत्राआडून एक हात आला, कप घेऊन गेला आणि रिकामा कप परत घेऊन आला.

“छान आहे.”

याला पुरावा म्हणता येत नव्हतं. बाईंचा नवरा सगळ्यालाच छान म्हणतो. एकदा बाईंनी मुद्दाम पत्ती न घालता नुसतं गरम पाणी कपात दिलं होतं. तेही छान होतं.

आता आपलीच जीभ बिघडली असेल, असा विचार शास्त्र शिकलेल्या माणसाला लगेच सुचतो. शास्त्र न शिकलेला माणूस अशा वेळी चहा बेसिनमध्ये ओततो आणि सुखी होतो. बाईंनी समोरच्या काकूंना बोलावलं. बोलावलं म्हणजे दार उघडलं, तर काकू दारातच होत्या.

“मी म्हटलं, वास कसला येतोय एवढा? केक केलात की बाथरूम धुतलं?”

“का हो?”

“दोन्हींपैकी एक नक्की.”

काकूंनी उभ्याउभ्या अर्धा कप संपवला आणि सल्ले द्यायला सुरुवात केली. चहा कमी उकळावा. नाहीतर जास्त उकळावा. दूध घालावं. दूध नको असेल तर गार करून प्यावा, आणि तरीही जमत नसेल तर खिडकी उघडी ठेवून प्यावा. एवढ्यात जिन्यातून वरच्या मजल्यावरचे जनावरांचे डॉक्टर चढत होते, त्यांनाही आत ओढलं गेलं. त्यांनी कपाचा नुसता वास घेतला आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखे हसले.

“वासरांना जंताचं औषध देतो आम्ही, त्याला अगदी हाच वास. संत्र्याचा. फार आवडीनं घेतात.”

“म्हणजे चांगला आहे?” बाईंनी विचारलं.

“ते वासराला विचारावं लागेल,” डॉक्टरांनी कप खाली ठेवला. “माणसांच्या बाबतीत मी मत देत नाही.”

एक छान, एक बाथरूम, एक वासरू. यातून सरासरी कशी काढायची? बाई विचारात पडून कचरा टाकायला खाली गेल्या, तर तिथे निवृत्त जज्जसाहेब शतपावली घालत होते. त्यांनी सगळी हकीकत मागे हात बांधून ऐकली.

“साक्षीदार कच्चे आहेत,” ते म्हणाले. “एक तुमचे यजमान, म्हणजे हितसंबंध आला. दुसऱ्या समोरच्या बाई, त्यांनी साक्षीआधीच वास घेतलेला. तिसऱ्यानं तर चाखलाच नाही. आपण काय पितोय हे साक्षीदाराला कळता कामा नये. आणि साक्षीदार भरपूर हवेत.”

बाईंना हे तंतोतंत पटलं. नमुन्यावर नाव घालायचं नाही हे त्या ऑफिसात रोजच पाळत होत्या. घरी कसं सुचलं नाही याचंच त्यांना वाईट वाटलं. त्यांनी लगेच वन्संना फोन करून तीच पत्ती मागवली, पण साधी, साल आणि व्हॅनिला न घातलेली. म्हणजे दोन्ही चहा शेजारी ठेवून, नाव न सांगता पाजता येतील. “बघ, किती मनावर घेतलंय तिनं,” असं म्हणून वन्संनी साधी पत्ती त्याच संध्याकाळी पाठवून दिली. बाईंनी ती वन्संच्याच डब्यासारख्या डब्यात भरली. दोन्ही नमुन्यांना हवा, उजेड आणि ऊब अगदी सारखी मिळावी म्हणून दोन्ही डबे स्वयंपाकघरातल्या एकाच कपाटात, एकाच फळीवर, एकमेकांना चिकटून ठेवले आणि कपाट घट्ट लावून घेतलं. तपासणीच्या शिस्तीत त्यांनी कधीही कसूर केलेली नव्हती.

प्रश्न राहिला जागेचा. इमारतीतली सगळी माणसं स्वयंपाकघरात मावली नसती. खालचा हॉल सेक्रेटरींच्या ताब्यात होता, आणि किल्ली त्यांच्या शर्टाच्या आतल्या खिशात.

“कशासाठी हवाय हॉल?”

“चहा चाखायला.”

“म्हणजे समारंभ.”

“समारंभ नाही, चाचणी.”

“चाचणी नियमात नाही,” सेक्रेटरी म्हणाले. “नियमात तीनच गोष्टी आहेत. लग्नकार्य, सर्वसाधारण सभा आणि शोकसभा. लग्नकार्य महिनाभर आधी कळवावं लागतं. सभेला कमिटीचा ठराव लागतो. शोकसभेला काही लागत नाही. माणूस काही ठराव होईपर्यंत थांबत नाही ना! मी तुमचं शोकसभेत टाकतो.”

“पण ते खरं नाही.”

“खऱ्याखोट्याचा प्रश्न येतो कुठे? हा रकाना आहे.”

इतकी वर्षं सरकारी नोकरी केलेल्या बाईंना हे खोडता आलं नाही. त्यांच्याकडेही एकदा तळ्यातल्या पाण्यात आलेला बेडूक ‘इतर क्षार’ या रकान्यात बसवावा लागला होता.

“कुणाच्या संदर्भात?” सेक्रेटरींनी पेन उचललं.

“माझ्या नणंदेच्या,” बाई म्हणाल्या. ते मात्र पूर्णपणे खरं होतं.

सेक्रेटरी मनानं चांगले, पण कामात गुंतलेले गृहस्थ होते; एकदा रकाना भरला की आधीचं बोलणं विसरून ते रकान्यालाच खरं मानायचे. जिन्याखालच्या फलकावर सूचना लावायचं काम त्यांनी वॉचमनकडे दिलं, आणि वॉचमननं रकान्यात होतं ते जसंच्या तसं, वर काळी चौकट काढून लावलं. बाईंनी फलक पाहिला नाही. एकसारखे कप इतके कुठून आणणार, म्हणून त्यांनी काचेचे छोटे बीकर विकत आणले होते आणि सगळा मोकळा वेळ त्या ते बीकर उकळत होत्या, त्यांना कसलाही वास राहू नये म्हणून.

इमारतीच्या वागण्यात फरक पडला होता, पण बाईंना तो इमारतीचा चांगुलपणा वाटला. काकू दारात आल्या आणि चक्क सल्ला न देता गेल्या. “काही लागलं तर हाक मारा,” एवढंच म्हणाल्या. जिन्यात सेक्रेटरींनी बाईंच्या नवऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला.

“कसं वाटतंय आता?”

“छान,” नवरा म्हणाला.

धक्का मोठा बसलाय, असं इमारतीत ठरलं.

रविवारी सकाळी बाई बीकरचा ट्रे घेऊन हॉलमध्ये शिरल्या तेव्हा त्यांचा ऊर भरून आला. हॉल भरला होता. कुणी हसत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं, मुलांना घरी ठेवून आले होते. पुढच्या टेबलावर कुणीतरी फुलदाणी ठेवली होती. चाचणीकडे इतक्या गांभीर्यानं पाहणारी माणसं बाईंना आपल्या खात्यातही भेटली नव्हती.

सेक्रेटरी उठले. “सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळायची आहे.”

जिभेला विश्रांती! बाईंना ही कल्पना फारच आवडली. आपल्याला का सुचली नाही, असंही वाटलं. त्याही मान खाली घालून उभ्या राहिल्या.

मग त्यांनी बीकर वाटले. प्रत्येकाला दोन, तळाला खुणा केलेले. त्या पारदर्शक, पिवळसर तांबूस बीकरांकडे पाहून डॉक्टर शेजारच्याला म्हणाले, “असले नमुने मी रोज तपासतो. पीत नाही.” त्यांनी दोन्ही बीकर खुर्चीखाली ठेवले आणि हाताची घडी घातली.

“यातल्या एका चहात संत्रं, लिंबू आणि व्हॅनिला आहे,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्यात काही नाही. कुठला कुठला ते ओळखायचं, आणि कसा लागला ते अगदी मोकळेपणानं सांगायचं. वन्संनी स्वतः केलाय.”

“शेवटची इच्छा असेल,” काकू पदराआडून कुजबुजल्या, आणि हॉलभर हळहळ पसरली.

बाकी सगळ्यांनी चहा घेतला. बाई पाटी आणि पेन्सिल घेऊन रांगेरांगेतून फिरल्या, आणि त्यांना पहिली शंका तिथे आली. चहा सगळ्यांना अप्रतिम वाटला होता. दोन्ही. बाथरूम धुतल्याचा वास आलेल्या काकूंनी तर डोळे टिपत सांगितलं, “स्वर्ग हो, स्वर्ग! आता असा चहा पुन्हा मिळायचा नाही.”

“मिळेल की,” बाई म्हणाल्या. “डबे तयार आहेत.”

काकूंनी त्यांचा हात घट्ट दाबला.

एवढ्यात जज्जसाहेब उठले, घसा खाकरला आणि बोलायला लागले. “यांच्या नणंदबाईंशी माझा परिचय जिन्यापुरता होता. पण तेवढ्यातही एक गोष्ट जाणवली. बाई मोठ्या उदार! कुणाबद्दल वावगा शब्द नाही, कुणावर रुसवा नाही...”

बाईंची पेन्सिल थांबली. रुसवा नाही? इथे चुकीच्या नमुन्याची साक्ष चालली आहे, हे त्यांना कळलं, पण का चालली आहे ते कळेना. त्या नवऱ्याकडे बघणार एवढ्यात हॉलचं दार उघडलं आणि डब्यांची पिशवी सांभाळत वन्सं आत आल्या.

“वर कुलूप, म्हटलं आहेत कुठे सगळे! अरे, एवढी माणसं? कोण गेलं?”

काकूंच्या हातातला बीकर पडला.

सगळ्यात आधी सावरले सेक्रेटरी. “हे बघा बाई, या जर हयात असतील तर हॉलचं आरक्षण रद्द होतं. नियम म्हणजे नियम. हॉल आत्ताच्या आत्ता रिकामा करावा लागेल.”

“हरकत आहे,” जज्जसाहेब म्हणाले. “रीतसर सुरू झालेली सभा, केवळ संबंधित व्यक्ती जिवंत आत आली म्हणून बंद पाडता येत नाही. शिवाय माझं भाषण अर्धं राहिलंय.”

वन्संनी फलकावरची चौकट येताना पाहिली होती, पण वाचली नव्हती. आता त्यांना ती कुणीतरी वाचून दाखवली. बाईंनी डोळे मिटून घेतले. दीड वर्ष नाही, आता जन्मभर. वन्सं मात्र पिशवी सांभाळत पहिल्या रांगेत येऊन बसल्या.

“तुमचं चालू द्या,” त्या जज्जसाहेबांना म्हणाल्या. “कुणावर रुसवा नाही, इथपर्यंत आला होतात.”

भाषण पूर्ण झालं. वन्सं इतक्या थोर होत्या हे वन्संनाही ठाऊक नव्हतं. पण बाईंच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: शोकसभेत कुणी वाईट बोलत नाही. म्हणजे मिळालेली मतं सगळी बाद. तरी कुठल्या बीकरात संत्रं, हा प्रश्न शिल्लक होता. तिथे कुणाला भीड पडायचं कारण नव्हतं. त्यांनी पाटीवर बेरीज केली, आणि पुन्हा केली. निम्म्यांनी दोन्ही बीकरांत संत्रं आहे म्हटलं होतं. उरलेल्यांतल्या बहुतेकांनी बोट ठेवलं होतं साध्या चहावर.

बाई तडक वर गेल्या. मागून वन्सं, त्यांच्यामागून नवरा. बाईंनी कपाट उघडलं, साध्या पत्तीचं झाकण काढलं आणि नाक घातलं. संत्रं. व्हॅनिला. पुसलेली फरशी.

त्यांनी साखरेचा डबा उघडला. संत्रं. चिमूटभर मीठ जिभेवर टाकलं. खारट व्हॅनिला. चहाची पत्ती आजूबाजूचा वास ओढून घेते हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. आणि तरी नमुना आणि त्याचा साक्षीदार, दोघांना त्यांनी स्वतःच्या हातांनी एका कोठडीत कोंडून ठेवलं होतं!

“माझ्या गोळ्यांनाही येतोय,” नवरा म्हणाला. “दोन-तीन दिवस झाले.”

“मग सांगितलं का नाही?”

“छान येत होता.”

वन्सं बाहेरच्या खोलीत आल्या, पिशवीतले डबे टेबलावर मांडले आणि खुर्ची ओढून बसल्या. “तुझी चाचणी-बिचाणी राहू दे. तू सांग. तुला कसा लागला?”

नवरा मुकाट्यानं मागोमाग आला आणि सवयीनं दोघींच्या मधल्या सोफ्यावर जाऊन बसला.

बाईंनी एकदा टेबलावरच्या डब्यांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. “वन्सं,” त्या म्हणाल्या, “फरशीसारखा.”

वन्संची मान हळूहळू भावाकडे वळली.

“तिला विचार, कुठल्या फरशीसारखा.”

“कुठल्या फरशीसारखा?” भावानं विचारलं.

“दवाखान्याच्या. नुकत्याच पुसलेल्या.”

“छानपैकी पुसलेल्या, म्हणतेय.”

“तू गप रे!” वन्संनी खुर्ची सरळ बाईंकडे वळवली. “मलाही तसाच लागतो. करते तेव्हापासून. ज्याला पाजावा तो म्हणतो वा, सुरेख. हा तर काय, जन्माचाच छान. आज मेले तरी कुणी खरं सांगेना! अख्ख्या इमारतीनं तो चहा पिऊन वर मला उदार ठरवलं. म्हणून तर तुझ्याकडे पाठवला होता ना डबा. वाक्य काय, मीही लिहिलं असतं एखादं.”

बाईंनी सुचलं ते बोलून टाकलं. “व्हॅनिला निम्मं करा.”

“आणि साल?”

“निम्म्याहून कमी. ती आणखी वाळायला हवी. आणि डब्याची झाकणं बदला, वास बाहेर येतो.”

“बरं.” वन्संनी समोरच्या डब्याचं झाकण एकदा दाबून पाहिलं. “त्या स्वेटरची डावी बाही लांबच होती.”

“होती.”

“ते मला विणतानाच कळलं होतं. पण तू टेप कशाला आणलीस गं?”

हा प्रश्न बाईंना आजही कधीकधी भात शिजताना आठवतो.

नवा चहा प्रदर्शनाला चार दिवस उरले असताना तयार झाला. बाईंनी घोट घेतला, थांबल्या, आणखी एक घेतला. संत्रं आधी आलं, मग चहा, आणि गिळून झाल्यावर कुठूनतरी, न बोलावता, थोडंसं व्हॅनिला.

“पिण्यास योग्य,” त्या म्हणाल्या.

“एवढंच?” वन्संचा चेहरा पडला.

“ताई,” नवरा म्हणाला, “एवढं ती मलाही कधी म्हणाली नाही.”

तेव्हा वन्संनी तेच वाक्य छापायला घेतलं. त्याखाली बाईंच्या आग्रहानं ‘इतर वस्तूंपासून दूर ठेवावा’ ही सूचना आली. आणि शोकसभेचा एवढा मोठा खटाटोप वाया कसा जाऊ द्यायचा, म्हणून वन्संनी तळाला बारीक अक्षरांत आणखी एक ओळ टाकली: ‘एका शोकसभेत सर्वांनी वाखाणलेला.’ वाखाणला होता तो जुना चहा, असं म्हणून बाईंनी आधी ती ओळ खोडली. मग वन्संनी इमारतीत घरोघरी जाऊन नवा चहा पाजला, जिवंत माणसासारखी दारं वाजवून. सगळ्यांनी पुन्हा वाखाणला, आणि बाईंना ओळ मान्य करावी लागली. पण ‘सर्वांनी’ हा शब्द त्यांना रात्रभर टोचत राहिला, आणि सकाळी छापखान्यात फोन करून त्यांनी तो दुरुस्त करून घेतला.

त्यामुळे प्रदर्शनात वन्संच्या टेबलासमोर गर्दी थांबली ती डबा हातात घेऊन तळाची ओळ पुन्हा पुन्हा वाचण्यासाठी: ‘एका शोकसभेत, जनावरांचे डॉक्टर वगळता, सर्वांनी वाखाणलेला.’

दुपारी खुद्द डॉक्टर आले. त्यांनी ओळ वाचली, चष्मा पुसून परत वाचली, आणि मुकाट्यानं दोन डबे उचलले.

“दोन?” वन्संनी विचारलं. “घरी आवडेल ना?”

“घरी कशाला?” डॉक्टर म्हणाले. “वासराला विचारून बघतो.”